पहिल्या पाळीचं पाणी

उठू नका, शेख हमूद. बसा. तुमच्यासमोरची बाटली मी मघाशीच बदलली आहे. प्रदर्शनवाल्यांनी हौसेनं प्रत्येक टेबलावर शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. तुमची मात्र डोंगरातल्या झऱ्याची आहे. हवं तर झाकण उघडून वास घ्या. घेतला? आभारी आहे. आता मला सुरुवात करता येईल.

परिषदेच्या अध्यक्ष डॉ. बद्रिया बिंत झाहिर, व्यासपीठावरचे मान्यवर, जॉर्डन, ट्युनिशिया आणि अल्जीरियाहून आलेले पाहुणे, पंप चालवणारे, नळ जोडणारे, गाळ उपसणारे माझे सहकारी, खुदैरा गावाहून आलेली वडीलधारी मंडळी, आणि आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते अभियंता मुहन्ना बिन सैफ, आपणा सर्वांना माझा सलाम.

मी रय्या बिंत खमीस. पाणी तपासते. खरं म्हणजे सांडपाणी तपासते. पण माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आईनं मला सक्त ताकीद दिली होती, नुसतं पाणी म्हण. मी पूर्ण शब्द उच्चारला. मुलाच्या मावशीनं हलव्याची थाळी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. लग्न झालं. मावशी अजून माझ्या हातची कॉफी घेताना कपात डोकावतात.

हसू नका. या सभागृहात असा कोण आहे, ज्याच्या घरात हे घडलं नाही? आपलं काम नीट चाललं की आपण आहोत हे कुणाला ठाऊक नसतं. बिघडलं की सगळ्या शहराला आपला नंबर पाठ असतो. मुहन्नासाहेब या कामात तीस वर्षं राहिले. ते स्वतःची ओळख करून देताना पूर्ण शब्द उच्चारतात, मंत्र्यांसमोरसुद्धा. मी ते त्यांच्याकडून शिकले.

त्यांच्या सगळ्या कामांची यादी मी वाचणार नाही. एकाच कामाबद्दल बोलते. ते अजून पुरं झालेलं नाही.

खुदैरा हे त्यांचं आजोळ. गावाला एक फलज आहे, डोंगराच्या पोटातून आणलेला पाट. पाहुण्यांसाठी सांगते, पाट गावात शिरतो तिथे पहिलं पाणी पिण्याचं. त्याखाली मशिदीत हातपाय धुण्याची जागा. मग पुरुषांची न्हाणी, मग बायकांची. सगळ्यात शेवटी एक भिंतीआडची खोली, जिथे गावातल्या मृतांना अखेरची आंघोळ घालतात. तिच्याखाली खजुराच्या बागा. हा क्रम कुणी ठरवला ते कुणाला माहीत नाही. तो कुणी मोडलेला नाही.

तो पाट आटला. माणसांपुरती धार राहिली. बागांपर्यंत काही पोचेना. खालच्या झाडांचे शेंडे वाळले. आणि डोंगरापलीकडे आपल्या केंद्रातलं शुद्ध केलेलं सांडपाणी रोज ओढ्याच्या वाळूत सोडलं जात होतं. मुहन्नासाहेबांनी नळ टाकायचं ठरवलं. नकाशा त्यांनी स्वतः काढला. नळाचं तोंड पाटाच्या अगदी वरच्या टोकाला. त्यांचं म्हणणं होतं, पाट वरपासून खालपर्यंत भरून वाहायला हवा. लहानपणी पाहिला होता तसा.

आम्ही गावाच्या बैठकीत गेलो. खजूर झाले, कॉफी झाली, तब्येतींची चौकशी झाली. मग फलजचे कारभारी शेख हमूद बोलले. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. ते मुहन्नासाहेबांचे सख्खे मामा.

"मुहन्ना, तुझ्या आईनं तुला याच पाटावर न्हाऊ घातलं. आता तू अख्ख्या शहराची न्हाणी आमच्या डोक्यावर आणून ठेवणार होय?"

बैठक हसली. मी माझे कागद पुढे केले. रंग, वास, चव बदललेली नसेल तर पाणी शुद्ध, हे आपण सगळे लहानपणी शिकलो, असंही म्हणाले.

"पोरी, रंग मी बघतो," शेख हमूद म्हणाले. "वास ही मंडळी घेतील. चव कोण घेणार?"

"साहेब घेतील!" मागून कुणीतरी ओरडलं. "साहेबांना तहान लागलेली दिसते!"

मी नमुन्याची बाटली नेली होती. मुहन्नासाहेबांनी ती उचलली. मित्रहो, आपल्या व्यवसायात हा क्षण सगळ्यांना ठाऊक आहे. फोटोवाला बोलवायचा, घोट घ्यायचा, टाळ्या घ्यायच्या. एका घोटानं त्यांना काही झालं नसतं. गाव त्यांच्या बाजूनं झालं असतं. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"नाही, मामा. हे प्यायचं पाणी नाही. ते झाडांसाठी शुद्ध केलंय. मी प्यायलो तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

"मग प्यायच्या पाण्यात कशाला सोडतोस?"

मुहन्नासाहेबांनी नकाशा गुंडाळला. आम्ही परत आलो. मी रागावले होते. घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आज तसं वाटत नाही. खरं बोलून हरलेल्या माणसाच्या हाताखाली मी काम केलं, हे मी माझ्या मुलांना सांगते.

पुढचं सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या आई गेल्या. शेवटची काही वर्षं त्या खुदैरातच राहत होत्या. बायका भिंतीआड त्यांना आंघोळ घालत होत्या. मुलगा बाहेर, भिंतीच्या खालच्या बाजूला उभा होता. भिंतीखालून पाणी बाहेर येत होतं. थोडंसंच, अखेरच्या आंघोळीला वापरतात त्या बोरीच्या पानांचा हिरवा चुरा घेऊन, कापराच्या वासाचं. पाळीवाला आपल्या बागेच्या तोंडाशी मान खाली घालून उभा होता. पाणी पोचलं तसं त्यानं पाटाकडचं मातीचं दारं मोडून ते झाडांना घेतलं. नेहमी घेतात तसं. कुणी काही विचारलं नाही.

शोकाचे दिवस संपल्यावर मुहन्नासाहेब प्रयोगशाळेत आले. माझ्या टेबलावर नकाशा पसरला आणि नळाचं तोंड खोडलं. नवी खूण त्यांनी त्या खोलीच्या खाली केली.

"रय्या, इथून खाली कोणतं पाणी आलं हे गावात कधी कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले. "वरचा पाट माणसांचा. त्यातली धार बारीक असली तरी त्यांचीच. मला तो भरलेला बघायचा होता. ती माझी हौस होती."

एवढंच. नळ लांबला, एक पंप वाढला, वरिष्ठांनी कारण विचारलं. त्यांनी लिहिलं, "स्थानिक क्रम." आपल्या खात्यात इतकं नेमकं कारण मी दुसरं वाचलेलं नाही.

गावानं नळ घालू दिला. खोदकामावर गावातल्या बायकांनी जेवण पाठवलं. भातात मटण इतकं की कंत्राटदार काम लांबवायला लागला. पण झाडांना पाणी घेणं निराळं आणि नळ घालू देणं निराळं. या बागांचे खजूर बाजारात जातात. लोक विचारणार, कोणत्या पाण्यावरचे? पहिला कोण घेणार? ज्याला त्याला दुसरा व्हायचंय.

उद्या पहाटे पाटावरच्या पाणी घेण्याच्या पाळ्यांचा नवा फेरा सुरू होतो. पंपही उद्याच सुरू होणार. फेऱ्यातली पहिली पाळी कारभाऱ्याच्या घराण्याची, आणि पाळ्यांचा क्रम कुणाच्या सोयीसाठी बदलत नाही. पहिल्यानं आपल्या बागेचं तोंड बुजवलेलं ठेवलं तर मागचेही बुजवतील. पाणी बागांवरून पुढे ओढ्यात जाईल. आपल्याला परवानगी या एकाच फेऱ्याची आहे. ती वाया गेली तर नळ उचलून शहरातल्या रस्त्याकडेच्या हिरवळीला जोडायचा, असा आदेश आहे. मुहन्नासाहेबांची नोकरी आज संपली. उद्या त्यांना कुणालाही काही सांगता येणार नाही.

शेख हमूद, तुम्ही भाच्याला म्हणाला होतात, "तुझ्या निरोपाला येईन, पण तिथे उत्तर मागू नकोस." मी उत्तर मागत नाही. पाहुण्याला भरसभेत कोंडीत धरणं आपली रीत नाही. मी फक्त एक गोष्ट सांगते, जी कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. त्या बैठकीनंतर आमच्या खात्यात पुष्कळ जण म्हणाले की खुदैराचे लोक अडाणी आहेत. तेव्हा हा माणूस उभा राहिला. म्हणाला, "माझ्या मामानं जो प्रश्न विचारला तो आपल्यापैकी एकालाही सुचला नाही. आणि मी अभियंता आहे."

काय, शेख? काही म्हणालात? माइक द्या जरा त्यांना.

नको? बरं. ते म्हणताहेत, "हा लहानपणी एवढं बोलत नसे." मुहन्नासाहेब, मामांना उत्तर द्यायचं असेल तर घरी द्या.

मुहन्नासाहेब, वाळवंटात राहणाऱ्या माणसाला पाण्याचा मोह असतो, तसा पाणी देतो म्हणून मिरवण्याचाही असतो. तुम्ही पाणी दिलंत. मिरवणं त्या खोडलेल्या खुणेपाशी सोडून दिलंत. म्हणून आज तुमच्या वतीनं थोडं आम्ही मिरवतो. या सभागृहातले सगळे, ज्यांच्याशी हात मिळवताना लोक आधी विचार करतात, ते आज ताठ बसले आहेत. त्यांच्याकडे एकदा बघा.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तो मी ओलांडला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं तेही मी पाहिलं आणि बोलत राहिले. त्यांचे आभार. खुदैराची मंडळी डोंगर ओलांडून आली, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या दुःखाला, मानाला किंवा मामांना माझा धक्का लागला असेल, तर माझी चूक पदरात घ्या. सलाम.

*

*परिषदेच्या कार्यवृत्तातील नोंद:* दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन डोंगरावरून खाली उतरायच्या आत, नळाचं पाणी खुदैराच्या पाटात आलं. शेख हमूद यांनी पायघोळ अंगरखा वर खोचून आपल्या बागेचं दारं स्वतः मोडलं. पाणी झाडांच्या बुंध्यांशी पोचेपर्यंत ते तिथे उभे राहिले. दुसऱ्या पाळीचा धनी फावडं घेऊन आधीच येऊन थांबला होता.