फायटरचा दुश्मन

माझा दोस्त पक्या म्हणाला, "तुझ्या दादाचा फायटर मासा तर गोगलगायीसमोर गप्प असतो. त्याला चिडवून दाखव, मग मानतो!" आणि मी येडा, लगेच हो म्हणालो.

दादा अंबडच्या कंपनीतून आला की चहाच्या आधी मासा बघायचा. मासा एकटा पडतो म्हणून त्याने गोगलगाय आणलेली. दुकानवाला म्हणालेला, "दुसरा मासा टाकला तर फाडून टाकेल, गोगलगाय चालेल." मी काय केलं, टाकी आणि रेडिओच्या फटीत दादाचा दाढीचा आरसा उभा केला.

आयला, काय सांगू! बोटाएवढा निळा मासा, गाल फुगवून, पंख पसरून तिप्पट झाला राव! जिथे गोगलगाय चिकटलेली, त्याच काचेवर धडका देतोय, पण मागे हटत नाही. पक्या तर मागेच सरकला.

तेवढ्यात दादा आला. फटीतला आरसा त्याला दिसला नाही, पण मासा बघून त्याचा चेहराच पडला. "याला गोगलगायपण सहन होत नाही. असा तर मरेल हा. दुकानात परत देऊन येतो." आणि पिशवीत पाणी भरायला लागला.

मासा अजून लढतच होता. मला राहवेना.

"दादा, थांब. तो आरशातल्या फायटरशी भांडतोय. आरसा मी ठेवलाय. मला हाण, पण त्याला नको देऊ."