दोऱ्याचं ओलं टोक

— नाही ताई, वयाचा रकाना मागाहून भरा, आधी ऐका. जन्मभर लोककथा गोळा केल्या मी. पाठभेदांपासून सुरुवात केल्याखेरीज तोंडच उघडत नाही. दारावर रोग येतो, या कथेचे माझ्याकडे एकवीस पाठ आहेत. कुठे तो लंगडा वाटसरू होऊन येतो, कुठे खोकणारी म्हातारी होऊन पाणी मागतो — रूप निराळं, आजार मात्र चेहऱ्यावर लिहिलेला. घरचे दार लावतात, वाचतात. मीही तेच केलं. साथ आली तशी कामवाल्या मावशींना येऊ नका म्हटलं, शेजाऱ्यांना उंबऱ्यावरून परतवलं. आई म्हणायची, 'कोंडून मारतोस का रे मला?' — हो, लिहा, शहाऐंशी.

मग शाळा बंद झाल्या. लेक-जावई दोघं नोकरीवर; सहा वर्षांची नात ठेवायची कुठे? इथेच. लहानांना फारसं काही होत नाही, असं तुमच्याच आरोग्य खात्याच्या पत्रकात होतं ना? खरंच होतं ते. तिला काही झालं नाही. नाक तेवढं वाहिलं, एक दिवस — म्हणजे, मीच पुसलं. बोललो का नाही? दोन महिन्यांत पहिल्यांदा आई हसत होती, ताई. म्हटलं, पोराचं नाक, वाहायचंच.

आईला सुई ओवता येत नसे. नात दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करायची. नाही शिरला, की आई तेच टोक आपल्या ओठांत धरायची, मग पुन्हा नात. 'तुझी थुंकी पातळ गं,' आई म्हणायची. बाहुलीचा झगा शिवत होत्या. सबंध दुपार — मी समोर बसून पाहत होतो.

एकवीस पाठ, अन् एकातही रोग मांडीवरच्या लेकराच्या रूपानं येत नाही. येईल कसा? कथा रोगातून वाचलेल्यांनी सांगितल्या. ज्यांनी लेकराला आत घेतलं, त्यांचा पाठ मिळतोय कुणाला?

नात आता तिच्या घरी परत गेली; भेटली की विचारते, पणजी माझ्यामुळे गेली का? मी नाही म्हणतो. पण आता तिच्यापुढे सुई धरली, तर हात पाठीमागे नेते.

शनिवारी आईला ताप आला. बुधवारी पहाटे ती गेली. झग्याची एक बाही राहिली.

— घरात माणसं? एक. जाताना दार ओढून घ्या.