‘बारवी ओव्हरफ्लो’मध्ये बेसूर कोण होतं?

सन्माननीय अध्यक्ष भीमरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या मंडळाचे बारा वर्षांचे सचिव शशिकांतजी, आणि मागून मसालेभाताचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या श्रोत्यांनो,

शशिकांतजींची नागपूरला बदली झाली. अंबरनाथ पोरकं होणार, असं आत्ताच मानपत्रात वाचलं गेलं. त्यातच पुढे आहे, ‘परिसरातील मराठी रॉक बँडचे संस्थापक. गायिकेच्या लग्नामुळे बँड बंद पडला.’ ती गायिका म्हणजे मी, रंजना. मानपत्राला दुरुस्ती सुचवायची पद्धत आपल्याकडे नाही, हे मला माहीत आहे. पण फ्रेम अजून भिंतीवर लागायची आहे.

बँड दोन हजार तीनचा. आपल्या बारवी धरणावरून नाव ‘बारवी ओव्हरफ्लो’. गिटारवर शशिकांतजी, ड्रमवर उल्हासनगरचा चंदर. तो पाहा, पहिल्या रांगेत हसतोय. तालमीची जागा म्हणजे त्याच्या काकांचा मोरिवलीतला कारखाना. “शुक्रवारी सगळा एरिया बंद असतो, साईं! एक मशीन नाय वाजत. आपण फुल आवाज करू,” चंदर म्हणाला. कारखाने शुक्रवारीच का बंद असतात, हा प्रश्न आम्हा तिघा पदवीधरांपैकी एकालाही पडू नये? त्या दिवशी तिथली वीजच बंद असायची!

अकरा महिने आम्ही विजेशिवाय रॉक वाजवला. इलेक्ट्रिक गिटारला वीज नसेल, तर तिच्यापेक्षा डास खणखणीत गातो. जे काही उरायचं ते ड्रमखाली बुडायचं. शशिकांतजी डोळे मिटून, मान हलवत वाजवायचे. त्या मानेकडे बघूनच आम्ही ठरवलं, माणूस वाजवतो छान.

मग विठ्ठलवाडीत गणपतीचा कार्यक्रम. पहिल्यांदाच वीज. मी पहिली ओळ गायले आणि स्पीकरमधून असं काही बाहेर आलं, की समोरच्या कमळाबाईंनी नातवाचे कान झाकले. दुसऱ्या ओळीला लाइट गेली. फक्त स्टेजवरची, मंडपातल्या माळा छान चमकत होत्या. स्टेजमागे शशिकांतजींनी माझी समजूत घातली, “जाऊ दे रंजना. सगळ्यांनाच सूर नसतो.” मी त्यांचे आभार मानले. हो, आभार.

बँड त्या रात्रीच संपला. माझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. गाऊ नकोस, असं नवऱ्याने कधी म्हटलं नाही. मीच गायले नाही. मुलीला झोपवतानासुद्धा नुसतं थोपटलं.

गेल्या महिन्यात चंदरच्या दुकानात गेले होते. “लाइट कुठे गेली होती, यार? शशीने लाथ मारून पिन काढली. गिटार काय भंकस वाजत होती!” मला हे माहीत असेल, असं तो बावीस वर्षं धरून चालला होता.

शशी, आता ‘जी’ राहू दे. तू इथे मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा भरवल्यास, परीक्षकही तूच झालास, त्याबद्दल मी काही बोलत नाही. माफीही नको. त्या दिवशी बेसूर कोण होतं, एवढं या माईकवरून सांग आणि सुखाने नागपूरला जा.

मंडळाने मला पाच मिनिटं दिली, त्यांची मी ऋणी आहे. एखादा शब्द जास्त गेला असेल, तर जेवणाआधी तोही पोटात घाला.

आता सत्कारमूर्ती बोलतील. माईक चालू आहे, मी तपासलाय. पिनेच्या बोर्डाजवळ चंदरला राखणीला बसवलंय.