पुठ्ठ्याची गाडी

बाळाला लस टोचून घ्यायला आलेला शिंपी बालरुग्णालयाच्या बाकावर बसला होता. शेजारी एक आजी रिकामी पिशवी घेतलेल्या बाईशी बोलत होती.

“नातवाला आज सोडतायत. गोवर झाला होता.”

“लस नव्हती दिली?”

“छे! पाळणाघर सक्ती करणार होतं, मी सभेतच हाणून पाडलं. आमच्या पोराला काय टोचायचं ते हे ठरवणार?”

“मग ताप आल्यावर घरी तरी ठेवलंत?”

“उलट मुद्दाम पाठवलं! म्हटलं, सगळ्यांना एकदाच येऊन जाऊ दे. तुमचं कोण आहे इथे?”

“मुलगी. रक्ताच्या आजारातून उठली होती, तिला लस चालत नव्हती. बाकीच्या मुलांनी घेतली की हिला भीती नाही, म्हणाले होते डॉक्टर. तुमचा नातू पाळणाघरात पुठ्ठ्याची गाडी ओढतो, तोच ना?”

“अगं बाई, ओळखता की! एका छोटीला बसवून दिवसभर ओढतो. सारखा विचारतो, ती कुठंय?”

“तीच माझी.”

“हो का! बरी आहे ना आता?”

“काल गेली. कपडे न्यायला आलेय तिचे.”

शिंप्याने बाळाला छातीशी धरलं.

आतून नर्सने हाक मारली, “आजी, या की! पोरगा कधीचा गाडी गाडी करतोय.”