न बिघडणारा फोन

फोनदुरुस्तीच्या रांगेत उभ्या असलेल्या नर्सबाईंचे कान पुढच्या आजी-आजोबांकडेच लागले होते.

"अहो, बुडत्या फोन कंपनीचे शेअर घेतलेत? तेही मला न विचारता?"

"अगं, फोन काय दणकट बनवतात! माझा अकरा वर्षं चालतोय. दोनदा जिन्यावरून पडला, एकदा बादलीत."

"मग आज इथे कशाला आलोय आपण?"

"तुझा दुसऱ्या कंपनीचा बिघडला म्हणून!"

"म्हणजे अकरा वर्षांत तुम्ही त्यांच्याकडून दुसरा फोन घेतला नाहीत."

"गरजच काय पडली?"

"तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असल्यावर कंपनी बुडणार नाही तर काय!"

आजोबांनी खिशातला आपला फोन चाचपला. मग हळूच, "तुला घेऊ या का त्यांचा एक?"

"घ्या. आता घरचीच कंपनी आहे. आणि तुमचा तो जुना एकदा नीट आपटा बघू!"