शिंक सुनेची आणि पाणी सासऱ्याला

मंडळी, ज्यानं नाक दिलं आणि त्या नाकातून येणारा-जाणारा श्वास फुकट दिला, त्याचं नाव आधी घेऊ! बोला — हरी माझा श्वासाचा सोबती! ... अहो, जरा मोठ्यानं! मंडपात झेंडूच्या माळा एवढ्या बांधल्यात, की पुढच्या रांगेतल्या काकू मघापासून नाकाला पदर लावून बसल्यात. काकू, शिंका हो मोकळेपणानं. आज शिंकेचंच आख्यान आहे!

आता मला एक सांगा. नाक कुणाचं गळतं? शिंकणाऱ्याचं. डोळे कुणाचे चुरचुरतात? त्याचेच. डोकं जड होतं, टाळूला खाज सुटते, झोप उडते — सगळं त्याचंच! मग अपशकुन दुसऱ्याला कसा होतो? हं? दुखणं एकाचं, आणि त्याचा अर्थ लावणार बाहेर निघालेला दुसराच — हा कुठला न्याय? घाईनं उत्तर देऊ नका. आधी ऐका.

वैतरणेच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. नाव सांगत नाही. तुमच्यातल्या कुणाचं तरी आजोळ निघायचं! गावाचा सगळा व्यवहार गवताचा. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी आणि टांग्यांचे घोडे, सगळे या गावच्या गवतावर जगायचे. भाद्रपद सरताना माळावरच्या गवताला तुरे यायचे. वारा आला की अख्खा माळ रुपेरी होऊन लवायचा. मग कापणी, मग भारे, मग अंगणाअंगणांत घराएवढ्या गंज्या! थंडीत बैलगाड्यांची रांग लागायची ठेसनाकडे. गाडी पुढे गेली तरी वास मागे रेंगाळायचा — ऊन लागलेल्या गवताचा. मंडळी, तो वास आता कुठं मिळत नाही. त्या माळावर आता पत्र्याची गोदामं आहेत. असो. वासाचं नाव काढलं की मी वाहवत जाते. पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमचं आजोळ तिकडचंच आहे!

त्या गावात जोमा भोईर गवताचा व्यापारी. माणूस सरळ, पण पायाला चाकं लावलेली! भाकरी उभ्यानं खायचा. चहा बशीत ओतायलाही वेळ नाही, तोंड पोळायचं तरी पेल्यातूनच. बायको आंबूबाई काही सांगायला लागली, की जोमाबाबा पायरीवर वहाणा घालत, ‘आल्यावर बोलू.’ आल्यावर काय बोलणार? आल्यावर घोरायचा! अशी सगळी वर्षं गेली. आंबूबाईचं बोलणं आटत आटत ‘भाकरी बांधली’ एवढ्यावर आलं होतं.

तर या घरात सून आली — द्वारका. खाडीपलीकडच्या मिठागरातली मुलगी. बाप चाहू म्हात्रे, मीठ पिकवणारा. खारा वारा पिऊन वाढलेली पोर, हसली की अंगण हसायचं. वैशाखात लग्न झालं. पावसाळा सुखाचा गेला. गणपती उठले, माळावर तुरे आले — आणि एका सकाळी जोमाबाबा वहाणा घालून पायरी उतरतोय, तोच आतून... आक्‌छी!

झालं! जोमाबाबाचा पाय हवेतच. परत फिरला. वहाणा काढल्या. ओटीवर बसला. रीतच ती! निघताना शिंक आली तर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. आंबूबाईनं पाणी दिलं. प्यायला. उठला.

आक्‌छी! आक्‌छी!

परत बसला. ‘कोण गो ते?’

आंबूबाई म्हणाली, ‘सून आहे. दुसरं कोण असणार?’

‘तिला सांग, माझं जायचं झालं की मग शिंकायचं!’

मंडळी, शिंक काय पाहुणी आहे, वेळ सांगून यायला? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. द्वारकेचे डोळे सुजून लाल, नाक सोललेलं, बोलायला गेली की आवाज घागरीतून आल्यासारखा. आणि रोज सकाळी सासरा ओटीवर बसलेला, तोंड कडू करून, हातात पाण्याचा तांब्या.

आता बसलाय तर काय करणार? आंबूबाई शेजारी उभी. एक दिवस ती म्हणाली, ‘मी म्हणते, परसातल्या सीताफळाला यंदा फळ धरलंय.’

जोमाबाबा म्हणाला, ‘आपल्याकडं सीताफळ आहे?’

‘तुम्हीच लावलंत. आपली थोरली लेक जन्मली त्या साली.’

‘मी?’

आणि आंबूबाई हसली! दात पडल्यापासून ती तोंडावर पदर धरून हसायची, तशी. जोमाबाबाला आठवेना, ही शेवटची कधी हसली होती. पण तेवढ्यात त्याला गाड्या आठवल्या, आणि तो उठला. लक्ष इथं ठेवा, मंडळी. हे सीताफळ पुढं लागणार आहे.

व्हायचं ते एका थंडीच्या सकाळी झालं. ठेसनात मालगाडीचा डबा मिळणार होता. जोमाबाबा निघाला — शिंक! बसला. उठला — शिंक! बसला. उठला — शिंक! उठ-बस, उठ-बस! तालीमखान्यात नाही काढल्या एवढ्या बैठका त्या सकाळी निघाल्या! ठेसनात पोचला तर डबा दुसऱ्यानं भरून टाकलेला. वर तिथला एक व्यापारी म्हणतो, ‘काय जोमाशेठ, सुनेनं सोडलं का आज? की अजून अर्धी शिंक बाकी आहे?’ सगळा फलाट हसला. जोमाबाबाचे कान लाल झाले.

घरी येऊन फर्मान सुटलं, ‘हिच्या शिंकांचं काहीतरी करा!’

आता आपल्याकडे उपायाला काय तोटा? शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. काढली दृष्ट! चुलीत मिरच्या टाकल्या — सुनेसकट सासू, नवरा, शेजारीण, दारातलं कुत्रं, सगळे शिंकायला लागले! कुणी म्हणालं, वेखंड हुंगवा. हुंगवलं. अहो, ते तर शिंक आणायचंच औषध! बाजारच्या गावातल्या डॉक्टरनं गोळी दिली. शिंका थांबल्या बरं का, अगदी थांबल्या. पण सुनेला जाग येईना! चुलीवर भात करपला तरी ही भिंतीला टेकून गाढ झोपलेली.

मग जोमाबाबानंच डोकं चालवलं. म्हणाला, शिंक ऐकू आली तर अपशकुन. ऐकूच आली नाही तर? हुशारी पाहा! रोज सकाळी मी निघेपर्यंत हिला मागच्या पडवीत बसवा. आणि मागच्या पडवीत काय होतं, मंडळी? बोला की! ... गवत! छपरापर्यंत रचलेलं, कोरडं, धुरळ्याचं गवत! पोरीला तिथं नेऊन बसवली. तिच्या शिंकांनी घराची कौलं हलायची बाकी राहिली. एकदा गिऱ्हाईक ओटीवर बसलेलं, दचकून म्हणालं, ‘जोमाशेठ, तुमचं गवत शिंकतंय!’

हसा, हसा. पण पडवीत गुडघ्यात डोकं घालून बसलेली ती पोर डोळ्यांपुढं आणा. तोंडाला पदर दाबून, श्वास कोंडून, की सासऱ्याच्या कामाला खोट नको. आणि घरातल्या एकाही माणसानं... जाऊ दे, ते तिच्याच तोंडून ऐका.

गिऱ्हाईक गेलं आणि जोमाबाबा म्हणाला, ‘माहेरी पोचवतो हिला. बरी झाली तर बघू.’ हा ‘बघू’ आपल्याला ठाऊक आहे! त्या काळी माहेरी पोचवलेल्या किती सुनांना कुणी पुन्हा बघितलं? नवरा, काशिनाथ त्याचं नाव, खाली मान घालून जमीन उकरत राहिला. आंबूबाईनं पेटी भरली. भरताना लुगडी नुसती घडी करून ठेवत होती आणि परत उलगडत होती.

सासरा आणि सून बैलगाडीनं निघाली, मग खाडी ओलांडली. जोमाबाबा बैलांकडं बघत बसलेला. शिंका मात्र गाडीत होत्या, होडीत कमी झाल्या, आणि पलीकडे... जोमाबाबाचं लक्षच नव्हतं.

चाहू म्हात्र्यानं व्याह्याला जेवू घातलं. तांदळाची भाकरी, सुकं बोंबील. त्यानं विचारलं काहीच नाही. पेटी बघितली आणि समजला. जेवून जोमाबाबा निघाला. वहाणा घातल्या, पायरी उतरला — आणि थांबला. एक पाय वर, एक खाली. तसाच उभा!

चाहू म्हणाला, ‘काय व्याही, काही विसरलं?’

‘नाही.’

‘मग?’

‘कुणी शिंकलं नाही,’ जोमाबाबा म्हणाला.

त्यानं मागे वळून पाहिलं. दारात द्वारका उभी. डोळे स्वच्छ, मोठे, पाणीदार. मंडळी, लग्नाला इतके महिने झाले, पण ‘हिचे डोळे एवढे मोठे आहेत’ हे त्याला त्या दिवशी दिसलं! समोर मिठाच्या पांढऱ्या राशी, खारा वारा वाहतोय, आणि पोर मोकळा श्वास घेतेय.

‘द्वारका, तुझ्या शिंका?’

‘इथं कशाला येतील, मामा? इथं गवत कुठंय?’

‘गवत?’

‘मग? तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्यावर शिंकते?’

‘अगो, मग सांगायचं नाही? पडवीत गवतातच बसवली होती तुला!’

द्वारका पायरीपर्यंत आली. मग म्हणाली, ‘मामा, तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, केव्हा शिंकलीस, कोण निघताना शिंकलीस, किती वेळा शिंकलीस. कशानं शिंकतेस, हे कुणी विचारलं? आणि गवतावर तर आपलं घर चालतं. घरच्या अन्नाला नाक मुरडते म्हणून नाव ठेवलं असतं ना मला?’

जोमा भोईर वळला. होडीत बसला. अख्खी खाडी सरेपर्यंत पाण्याकडं बघत राहिला.

*सून बोले सासऱ्यासी, श्वास माझा कोंडला,*
*तुम्ही पाहिला मुहूर्त, जीव नाही पाहिला!*

पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आता घरी जायचंय, रिकाम्या घरी.

रोज सकाळी जोमाबाबा निघे. शिंक नाही, अडथळा नाही. बाण सुटावा तसा सुटे! आणि पहिल्याच आठवड्यात भरल्या गाडीचा आस मोडला. आता कोण शिंकलं होतं? बैल? एक दिवस तो पायरी उतरून अंगणात गेला, आणि परत आला. वहाणा काढल्या. ओटीवर बसला.

आंबूबाई धावत आली. ‘काय झालं? कोण शिंकलं?’

‘कुणी नाही.’

‘मग बसलात का?’

‘पाणी दे.’

तिनं पाणी दिलं. तो प्यायला. उठेना. खूप वेळानं त्यानं विचारलं, ‘सीताफळं पिकली का गो?’

आंबूबाई म्हणाली, ‘पिकली. पडली. पाखरांनी खाल्ली.’ आणि मग सगळ्या वर्षांचं साठलेलं एकाच वाक्यात म्हणाली, ‘सून घरात होती तेव्हा तुम्ही बसत तरी होता.’

मंडळी! देव दारात येऊन रोज त्या माणसाला थांबवत होता — बस रे, घोटभर पाणी पी, बायकोचं तोंड बघ! आणि त्यानं त्या थांबण्याला नाव दिलं अपशकुन!

त्याच सकाळी जोमाबाबानं गडी बोलावले. पडवी रिकामी केली, शेणानं सारवली. अंगणातल्या गंज्या ओढ्यापलीकडं हलवल्या, वाऱ्याची दिशा बघून. गाव हसलं, ‘सुनेच्या नाकासाठी गंज्या हलवतोय!’ तो म्हणाला, ‘हो, हलवतोय. ये, तूही हात लाव.’ आणि स्वतः गेला आणायला. चाहूच्या अंगणात उभा राहून म्हणाला, ‘चल गो पोरी. तुझ्या सासूला करमत नाही.’ सासूला म्हणे! पुरुष माणूस, दुसरं काय म्हणणार?

मग दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. दरवर्षी माळाला तुरे आले की द्वारकेनं माहेरी जायचं, मानानं, आणि पोचवायला सासऱ्यानंच जायचं. कापणी उरकली की आणायलाही त्यानंच. घरी असताना नाकाला ओलं फडकं बांधायचं, बाहेरून आली की केस धुऊन मगच अंथरुणाला पाठ टेकायची. पाणी उकळून कोमट करायचं आणि त्यात मीठ घालून नाक धुवायचं. मीठ कुठलं? माहेरचं! डॉक्टरनंही दुसरी गोळी दिली, झोप न आणणारी. शिंका अगदी गेल्या नाहीत, मंडळी. पण पोर सुखानं नांदली.

वर्षं गेली. टांगे गेले, घोडे गेले, तबेले हलले. गवताला गिऱ्हाईक उरलं नाही. मग आंबूबाईही गेली. जोमाबाबा थकला, पण पायाची चाकं काही निघेनात. चैत्राच्या उन्हात काठी घेऊन निघायचा. कुठं? ठेसनात. कशाला? गाड्या लावायला. कुठल्या गाड्या, त्याचं त्यालाच माहीत.

अशाच एका दुपारी तो पायरी उतरत होता. बाहेर ऊन असं, की पाखरू उडत नव्हतं. घरात गवताची काडी नव्हती, माळावर तुरा नव्हता. आणि आतून आवाज आला...

आक्‌छी!

जोमाबाबा थांबला. मागे वळला. द्वारका दारात उभी, आता तिच्याही केसांत मिठाचा रंग उतरलेला. तो डोळे बारीक करून म्हणाला, ‘खोटी शिंक! चैत्रात कुठलं गो गवत?’

ती म्हणाली, ‘अपशकुन झाला, मामा. बसा. पाणी आणते.’

म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या. बसला. पाणी प्यायला. आणि परसाकडं बघत म्हणाला, ‘सांग. सीताफळाला यंदा फळ धरलंय का?’

... थांबा, पदर डोळ्यांकडं जातोय तो राहू द्या. झेंडूमुळं असेल!

तर मंडळी, आता घरी जाल. तुमच्याही घरात कुणीतरी शिंकत असेल, खोकत असेल, कुढत असेल, तुम्ही पायरी उतरताना. केव्हा, किती, कोण निघताना, हे मोजत बसू नका. परत फिरा. वहाणा काढा. शेजारी टेका आणि एवढंच विचारा — ‘कशानं गो?’ आणि उत्तर येईपर्यंत उठू नका!

काकू, आता बोला माझ्याबरोबर. नाक मोकळं झालं का? मग मोकळ्या श्वासानं — हरी माझा श्वासाचा सोबती, त्याचा जयजयकार असो!