पांढरी सहा

—नाही, तो फोन आधी पर्समध्ये ठेवा. ठेवा बाई, माझ्यासमोर फोननं सूर मोजायचा नाही. आणि त्या स्टुलावर नका बसू, त्याचा पाय डुगडुगतोय, हे घ्या, ह्यावर बसा. हां. आता शांतपणे बोला. शाळेचा पियानो मी बिघडवला, एवढंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग सरळ म्हणा की. तीन तारा तुटल्या, पोरांचे आवाज वर पोचत नाहीत, बासरीवाल्याची बासरी पियानोला जुळत नाही, आणि परवावर कार्यक्रम आलाय — ऐकलं मी सगळं, बहिरा नाही मी. तारा का तुटल्या ते सांगू? गंजल्या होत्या. तुमच्या हॉलमध्ये तो पियानो खिडकीला चिकटवून ठेवलाय, वर कुंडी, त्या कुंडीला रोज पाणी, आणि ते पाणी झिरपून कुठे जातं, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येत नाही! पोरं चिरकतात म्हणता, तर चिरकणारच, तुम्ही त्यांना गायला कुठे शिकवता, ओरडायला शिकवता, मी आलो होतो ना तेव्हा शेजारच्या वर्गात ऐकत होतो. राग मानू नका. आणि बासरी? बासरीवाल्याला म्हणावं आधी फुंकायला शीक.

आणि एक सांगतो, तुमचाच पियानो नाही, हल्ली गावातले सगळेच पियानो उतरलेत. सगळेच! दाताच्या डॉक्टरांकडे गेलो — अर्धा सूर खाली. क्लबातला — अर्धा सूर खाली. त्या निवृत्त कर्नलसाहेबांची मुलगी रोज सकाळी तास-तास वाजवते, तिच्याकडचाही तसाच. लोकांना कळत नाही हो. दिवाणखान्यात मिरवायला पियानो हवा, वर फोटोंच्या चौकटी मांडायला हवा, पण तो हळूहळू बसत चाललाय हे घरातल्या एकाही कानाला कळत नाही. मी गेलो की एकेक खुंटी पान्यानं ओढून वर आणतो. खांदे भरून येतात. वर यांची तोंडं वाकडी, काका, आता जरा टोचतो हो आवाज. टोचणारच! खोट्याची सवय लागली की खरं टोचतंच.

काय? नादकाटा? मी नादकाटा लावून बघितला का, असं विचारताय? अहो बाई, ह्या गावात मला माझ्या नावानं कोणी ओळखत नाही, कानवाले म्हणतात मला, कानवाले! झोपेतून उठवा आणि विचारा, पांढरी सहा कुठे आहे, मी गाऊन दाखवीन. तुम्ही संगीताच्या बाई, तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो, कारण हल्ली शिकवणाऱ्यांनाही सांगावंच लागतं — सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, तिच्यावरून सगळा पियानो लागतो. ती एक जागेवर बसली की बाकीच्या तिच्यामागून येतात. ती मी डोक्यात घेऊन फिरतो. आमच्या मालकांनी — ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते — त्यांनी जाताना मला त्यांचा नादकाटा दिला, तर मी म्हटलं, मालक, मला कशाला? तर म्हणाले, असू दे, कान म्हातारा होतो, लोखंड होत नाही. म्हातारे लोक बोलतात काहीतरी. आणि तो मशीनवाला माहीत आहे ना तुम्हाला, चौकातला? तो काय करतो, डबडं ठेवतो पियानोवर, त्यात हिरवा दिवा लागेपर्यंत खुंटी पिळतो. डोळ्यांनी सूर लावतो तो! उद्या नाकानं लावेल. त्याला बोलवणार होतात ना? खरं सांगा. चेहऱ्यावर दिसतंय तुमच्या.

ही बघा, आलीच. अगं ठेव तिथे, घेतो मी. घेतो म्हटलं ना. बाईंसमोर कशाला — बरं, बरं, जा तू. — बायको. पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन पहाऱ्यावर. लहान पोराला द्यावी तशी देते, घशाखाली गेली की नाही बघून मगच हलते, आज तुम्ही आहात म्हणून सुटलो. आजारबिजार काही नाही हो मला, लहानपणी फिट यायच्या. एक गोळी लागू पडली, बंद झाल्या. छोटी पांढरी गोळी, मधोमध रेघ. माझं अख्खं आयुष्य त्या गोळीवर गेलं आणि एक दिवस हा मेडिकलवाला मला म्हणतो, काका, ती कंपनी आता ती बनवत नाही, ही घ्या. बघा ही. गुलाबी. केवढी आहे बघा, घोड्याला द्यायची की माणसाला? मी म्हटलं, ही वेगळी आहे. तर तो मान न वर करता म्हणतो, नाव वेगळं, आतलं औषध तेच. आतलं औषध तेच! जसा काही हा आत जाऊन बघून आलाय. मी म्हटलं, बाबा रे, दोन पियानोंच्या आत तारा पोलादाच्याच असतात, म्हणून दोन्ही सारखे वाजतात का? तर हसला. ते हसणं! काउंटरच्या मागे उभं राहिलं की माणसाला वाटतं समोरचे सगळे अडाणी. म्हणाला, मनाचे खेळ असतात काका, रंग बदलला की लोकांना वाटतं औषध बदललं.

मनाचे खेळ. मग गोळी घेतल्यावर जिन्याच्या पायऱ्या एकाच्या दोन दिसतात, तोही मनाचा खेळ. खाली वाकून पेडल बघायला गेलं की जमीन सरकते, तोही खेळच. डॉक्टरकडे गेलो. ह्या माणसाच्या टेबलावर मेंदूचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, बोलता बोलता त्याचे तुकडे काढतो आणि परत बसवतो, तेवढंच काय ते त्याचं मेंदूचं काम. चक्कर येते म्हटलं, तर म्हणाला वय झालं. दोन दोन दिसतं म्हटलं, तर चष्मा तपासा. मी म्हटलं, गोळी बदलल्यापासून होतंय, तर म्हणाला, काहींना कंपनी बदलली की सुरुवातीला थोडा त्रास होतो, रक्तातलं प्रमाण कमीजास्त होतं, आणखी काही बदल जाणवला तर लगेच सांगा, आपण रक्त तपासू. सांगा म्हणे! सुराचं त्याला काय सांगायचं, त्याला काय —

काय? मी कुठे काय म्हणालो सुराचं?

छे. तसं नाही म्हणालो मी. तुम्ही संगीताच्या बाई आहात, तुम्हाला जिकडेतिकडे सूरच ऐकू येणार. मी म्हणालो — ते जाऊ द्या. तुमचा माझ्या कानावर विश्वास नाही ना? थांबा, मग लोखंडावर तरी ठेवा. हा बघा, मालकांचा काटा. ह्या फडक्यात गुंडाळूनच ठेवतो मी, हात लागू देत नाही कोणाला. गुडघ्यावर मारतो. ऐका. — ऐकलंत? ही पांढरी सहा. तुमच्या शाळेचा पियानो मी नेमका ह्याच्यावर आणलाय, केसभर इकडेतिकडे नाही. झालं समाधान? आता बोला. — काय बघताय? टोकं? हो, चकाकतायत. पुसला असेल. लोखंड आहे, पुसलं की चकाकतं. — बाई, तुमची नजर फार तीक्ष्ण आहे हो, कान तेवढा असता तर बरं झालं असतं.

कानस मारली. झालं? घासलं मी ते. दोन्ही टोकं घासली, थोडी थोडी, सारखी. टोकं घासली की सूर वर चढतो, तुम्हाला माहीत असेलच, नसलं तर आता कळलं. का म्हणजे? उतरला होता म्हणून! एक दिवस काढला, मारला, आणि — काळी चार. पांढरी सहाच्या जागी काळी चार वाजली, तिच्या खालची. अर्धा सूर खाली, तुमच्या पियानोसारखीच, दाताच्या डॉक्टरांच्या पियानोसारखी, सगळ्या गावासारखी. मला वाटलं, म्हातारा झाला काटाही. मग बसलो घासत. घासायचं, मारायचं, ऐकायचं, परत घासायचं, जागेवर येईपर्यंत. असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय केलं असतंत? कानावर विश्वास ठेवून आयुष्य काढलेला माणूस — त्याचा काटा आणि कान यांचं जुळेना, तर तो कोणाला घासेल?

काढा. काढा तो फोन आता, ठेवलाय कशाला पर्समध्ये. हे घ्या, परत मारतो काटा. काय दाखवतोय? — वर. किती वर? — हं. जवळजवळ अर्धा सूर. फोनलाही कळतं म्हणजे. मेडिकलवाल्यापेक्षा हुशार आहे तुमचा फोन.

कळलं होतं हो मला. मूर्ख समजू नका. काटा घासून झाला आणि तोच कोपऱ्यावरच्या घड्याळाचे टोले पडले — ते घड्याळ मी लहान असल्यापासून एकाच सुरात टोले देतंय, आणि तेही खाली. घड्याळाला तर कोणी पान्यानं उतरवलं नव्हतं ना? लोखंड उतरलं, पितळ उतरलं, दाराची बेल उतरली, सगळं गाव एकदम अर्धा सूर खाली गेलं आणि एक मी तेवढा जागेवर राहिलो, असं कधी होतं का? पण तोवर घासून झालं होतं. घासलेलं परत जोडता येत नाही. मालकांचा काटा तो.

मग गोळी बंद केली. कोणाला न सांगता. पाण्याबरोबर तोंडात टाकायची, गालात धरायची आणि बायको आत गेली की थुंकायची. थोडे दिवसच, पण काय सांगू बाई, सगळं परत आलं! टोले जागेवर आले, बेल जागेवर आली, सकाळी ऐकत पडून राहिलो नुसता. आणि मग — त्या कपाटाची काच दिसतेय, पुठ्ठा लावलाय ती? ती मी. डोक्यानं. हिनं आवाज ऐकला म्हणून, नाहीतर इथेच पडून राहिलो असतो. तेव्हापासून हा पहारा. म्हणजे असं आहे, गोळी घेतली तर माणूस उभा राहतो आणि सूर पडतात, नाही घेतली तर सूर उभे राहतात आणि माणूस पडतो. आतलं औषध तेच!

डॉक्टरला सांगा म्हणताय. रक्त तपासा, प्रमाण कमी करता येईल, दुसरी कंपनी मिळेल — कळतं मला. तुमच्या तोंडून फार सोपं वाटतं. पण त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? कानवाल्याचा कान गेला, हेच ना? त्या डॉक्टरच्या बायकोचा पियानो कोण लावतं, सांगा बघू. तोही मीच वर ओढलाय! त्या म्हणाल्याही होत्या, काका, जरा चढा वाटतो का हो? मी त्यांना काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही शाळेतल्या बाई आहात. दाताच्या डॉक्टरांना बोललो, कर्नलसाहेबांच्या मुलीला रडवलं मी, तुला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही म्हणालो. आणि ती बरोबर होती. एवढीशी मुलगी बरोबर होती! सगळे बरोबर होते. काय वैताग आहे.

आणि ही. हिला सुरातलं ढिम्म कळत नाही, पण लग्न झाल्यापासून काम करताना एकच चाल गुणगुणते, आणि ती पांढरी चारवरूनच धरते. कधी चुकली नाही. का तेही तिला माहीत नाही, सुगरण पक्ष्याला घरटं विणायला कोण शिकवतं, तसंच ते. मी रोज त्यावरच उठायचो. तर गोळी बदलल्यावर एक दिवस ऐकलं, खाली. म्हटलं, अगं उतरलीस तू, म्हातारी झालीस, नको गुणगुणूस, कान दुखतो माझा. त्या दिवसापासून बंद. घर कसं चिडीचूप. सांगितलं नाही मी तिला अजून. काय सांगू? काटा घासला तसं तिलाही घासलं, असं सांगू?

जा तुम्ही आता. उगाच वेळ घालवलात माझा. आणि बोलवा त्या मशीनवाल्याला, हो, मीच सांगतोय, त्याला म्हणावं सगळ्या तारा खाली घे आणि तुटलेल्या तीन नव्या टाक. कुंडी तेवढी काढा पियानोवरची. कोणी लावला होता असं विचारलं, तर सांगा — सांगा काय ते. हसू दे त्याला. ही बघा, गोळी घेतली मी. गेली घशाखाली. दाखवू तोंड उघडून?

थांबा. उठू नका जरा. ऐकताय का? आत. — गुणगुणतेय. मी तुमच्याशी बोलण्यात गुंतलोय, माझं लक्ष नाही, असं वाटलंय तिला. तीच चाल. बाई, तुमचा कान बरा आहे ना, मघाशी काय वाटेल ते बोललो मी — सांगा, पांढरी चारवरूनच धरलंय ना तिनं? — नको. नका सांगू. जा. पण जाताना दार वाजवू नका, हळू ओढून घ्या. तुम्ही गेलात असं कळलं तर थांबेल ती.